भामाबाईची सही

फरजाना शेखला पोस्टात नोकरी लागली ती दहावीच्या मार्कांवर. त्र्याण्णव टक्के. परीक्षा नाही, मुलाखत नाही. अर्ज भरायचा, यादी लागायची, आणि ज्या गावाचं नाव समोर येईल त्या गावची ब्रँच पोस्टमास्तर व्हायचं. तिच्या वाट्याला उंबरदरा आलं. परळीच्या गल्लीत वाढलेल्या, बापाच्या फळांच्या गाड्यामागं बसून अभ्यास केलेल्या पोरीनं हे नाव तोवर ऐकलंही नव्हतं. नांदूरघाटच्या पुढं, डोंगराच्या पोटात दडलेलं दोन-अडीचशे उंबऱ्यांचं गाव. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. पोस्टमास्तरनं त्याच गावात राहायचं असा खात्याचा नियम, आणि पोस्टासाठी जागाही तिनंच बघायची.

जागा बघायला तिचे अब्बा, हैदरभाई, बरोबर आले होते. तीन घरं झाली. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला, नाव-गाव विचारून झालं, आणि ‘घरात इचारून सांगतो’ असं उत्तर मिळालं. सांगायला मात्र कुणी आलं नाही. एसटीची वेळ होत आली तसे हैदरभाई पारावर टोपी काढून डोकं पुसत बसले. तेव्हा गावचा डाकसेवक शिवशंकर मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, “माजी पुढची खोली रिकामी हाय. पोस्ट बी तितंच मांडा आन् तुमी बी ऱ्हावा. आमी दोघंच असतो घरात.”

गंमत अशी, की त्या खुर्चीवर खरं तर शिवशंकरच बसायचा, असं गाव धरून चाललं होतं. बावीस वर्षं त्यानं उंबरदऱ्याची टपालाची पिशवी वाहिली होती. जुने पोस्टमास्तर निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्याला पेढेसुद्धा मागितले होते. आणि यादीत निघाली चोवीस वर्षांची परक्या गावची मुलगी. फरजानानं एकदा संकोचून तो विषय काढला तर तो हसला. “तुमची काय चूक? मार्क तुमाला पडले. मला तवा एकूनपन्नास टक्के हुते, त्यातले बी निम्मे मास्तरच्या मेहेरबानीचे.”

त्याची बायको संगीता. तिला मूलबाळ नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं फरजानाला स्टोव्हवर भात करपवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी एक ताटली या खोलीत येऊ लागली. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कधी शेंगांची आमटी. फरजाना नको नको म्हणायची. संगीता म्हणायची, “तुला धाकटी बहीन समजते म्या. बहिनीनं नको म्हनायचं नसतं.”

एवढीच दोन माणसं होती फरजानाला त्या गावात. बाकी कुणी वाईट बोललं नाही. कुणी बोललंच नाही. हापशावर ती घागर घेऊन गेली की बायकांची चाललेली गोष्ट थांबायची. तिची घागर भरून ती वळली की मागं पुन्हा सुरू व्हायची. रात्री अब्बांचा फोन यायचा. “क्या खाया बेटा?” हा एकच प्रश्न असायचा त्यांच्याकडं, आणि ‘खाया’ म्हटलं की दोघंही थोडा वेळ नुसते फोन कानाला लावून बसायचे.

काम अवघड नव्हतं. अकराच्या सुमारास शिवशंकर नांदूरघाटच्या मोठ्या, म्हणजे वरच्या पोस्टातून पिशवी आणायचा. फरजाना सील तपासून ती उघडायची, शिक्के मारायची, टपाल त्याच्या हवाली करायची. तो गावात नि वस्त्यांवर वाटून दोनपर्यंत परत यायचा आणि गावातून जाणाऱ्या टपालाची पिशवी घेऊन पुन्हा वरच्या पोस्टात जायचा. रजिस्टर टपालाची सही दोन जागी घ्यायची असते: एक पोचपावतीवर, ती पाठवणाऱ्याकडं परत जाते, दुसरी स्लिपवर, ती पोस्टाच्या फायलीत राहते. शिवशंकर स्लिपा टेबलावर ठेवायचा, आणि फरजाना खात्यानं तिच्या नावावर दिलेल्या मोबाइलवर एकेका टपालापुढं ‘पोचलं’ अशी नोंद करायची. सात महिन्यांत तिनं अशा शेकड्यानं नोंदी केल्या. सही आहे की नाही एवढंच ती बघायची. सही कुणाची, हे बघायचं असतं असं तिच्या मनातही आलं नाही.

मार्चच्या मध्याला, दुपारी शिवशंकर वस्त्यांवर गेलेला असताना, भामाबाई आली. पासष्टी ओलांडलेली, काटक, माळावरच्या वस्तीवर एकटी राहणारी विधवा. मुलगी तलवाड्याला दिलेली. भामाबाई दारात उभी राहूनच बोलली.

“पोरी, माज्या नावाचं सरकारी कागूद आलंय का काई? तालुक्याला गेलते, तितला एक जन म्हनला, म्हातारे, तुज्या विहिरीकडच्या रानावर दावा लागलाय, नोटीस टपालानं येती.”

“नाव सांगा, आजी.”

“भामाबाई. मालकाचं नाव गंगाराम.”

फरजानानं मोबाइलवर नाव शोधलं. एक रजिस्टर जानेवारीत आलेलं, एक फेब्रुवारीत. दोन्ही कोर्टाकडून. दोन्हींपुढं ‘पोचलं’. नोंद करणाऱ्याचं नाव: फरजाना हैदर शेख.

तिनं फाइल काढली. दोन्ही स्लिपा सापडल्या. दोन्हींवर निळ्या शाईत, किंचित डावीकडं झुकलेल्या अक्षरांत नीट सही होती: भामाबाई. ‘भ’च्या पोटात बारीक गाठ मारलेली.

“आजी, तुम्हाला सही येते?”

म्हातारी हसली. तिनं उजव्या हाताचा अंगठा वर करून दाखवला. “ही माजी सही.”

ती गाठ फरजानानं कितीदा तरी पाहिली होती. रोज सकाळी शिवशंकर वाटपाची यादी लिहायचा. भगवान, भागीरथी, भीमराव. प्रत्येक ‘भ’च्या पोटात तीच गाठ.

“बघते मी,” फरजाना म्हणाली. “काही आलं तर कळवते.”

भामाबाई गेली. फरजानानं स्लिपांचे फोटो काढून घेतले आणि फाइल जागेवर ठेवली. दोन वाजता शिवशंकर आला, घामानं निथळलेला. “पानी द्या हो म्याडम, लई ऊन हाय,” म्हणाला. तिनं पाणी दिलं. संध्याकाळी ताटली आली. तिनं भाकरी मोडली, खाल्ली.

दुसऱ्या दिवशी विचारू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संगीताला ताप होता. तिसऱ्या दिवशी शिवशंकरनं तिच्या खोलीच्या पत्र्यावर ऊन लागू नये म्हणून पाचटाचं आच्छादन घातलं. चौथा, पाचवा, सहावा. विचारायला तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर यायचं. या गावात आपल्याशी दोन माणसं बोलतात. उद्या तीही बोलेनाशी झाली तर, हा विचार तिला झोपेतही सोडेना. आणि दुसरी भीती त्याहून साधी होती. त्या नोंदी तिच्या नावावर होत्या.

नवव्या दिवशी पिशवीतून कोर्टाचं जाड पाकीट निघालं. भामाबाई गंगाराम, माळवस्ती, उंबरदरा. शिवशंकर टेबलापाशीच उभा होता. त्यानं पाकीट पाहिलं, आणि तिनं त्याला पाहताना पाहिलं.

“हे आज मी नेऊन देते, भाऊ,” फरजाना म्हणाली.

“तीन किलोमीटर हाय. उन्हाचं तुमी कावून?”

“मी देते.”

तो बाकीचं टपाल झोळीत भरून बाहेर पडला. गाडी मात्र वस्त्यांकडं न जाता गावाच्या वरच्या आळीकडं वळल्याचं तिला आवाजावरून कळलं.

अर्ध्या तासात विठ्ठलराव आले. गावचे माजी सरपंच, भामाबाईच्या चुलत दिराचा मुलगा. पन्नाशीचा, गोरा, मऊ बोलणारा माणूस. खुर्ची ओढून बसले.

“आमच्या काकूचं काईतरी आलंय म्हनं. द्या हिकडं, मीच पोचवतो. घरातलं टपाल घरात.”

“त्यांच्या नावावर आलंय. त्यांच्याच हातात द्यावं लागेल.”

“आन् आजवर कसं दिलं?”

फरजानाला कळून चुकलं: हा माणूस आपल्याला घाबरवत नव्हता, आपल्यालाही त्यात मोजत होता.

“आजवर चुकीचं दिलं गेलं,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

विठ्ठलराव हसले. “तुमी शिकलेल्या. पर गावात ऱ्हायचं म्हंजी गावासारकं ऱ्हावं लागतं. खोली कुनाची हाय, भाकर कुनाच्या चुलीवरची हाय, जरा इचार करा. मला काय, माजं कोर्टात जे व्हायचं ते हुईल. पर शिवशंकरचं घर उघड्यावर पडंल. ते तुमी पाडाल, मी न्हाई.”

ते उठून गेले. पाकिटाला त्यांनी हातही लावला नाही. फरजानानं पाकीट, पोचपावती आणि शाईचा पॅड पिशवीत घातला, ओढणी डोक्यावरून घेतली, दाराला कुलूप लावलं आणि चालू लागली.

गाव संपलं की माळ लागत होता. ज्वारी काढून रानं मोकळी पडली होती, दूर कड्यावर पवनचक्क्यांची पाती वारा नसल्यानं थांबलेली होती. वाटेत एक माणूस भेटलं नाही. मागून मोटारसायकल येईल असं तिला सारखं वाटत होतं. ती वळून बघायची, आणि मागं नुसती पांढरी वाट दिसायची. घसा कोरडा पडला. पाण्याची बाटली ती टेबलावरच विसरली होती.

भामाबाई छपरात बसून तुरीतले खडे निवडत होती. फरजानानं पाकीट पुढं केलं.

“वाच तूच,” म्हातारी म्हणाली.

फरजानानं फोडून वाचलं. एकदा मनात, मग मोठ्यानं. विठ्ठलरावांनी विहिरीकडच्या दोन एकरांवर दावा लावला होता. भामाबाईला दोनदा नोटीस बजावली, ती तिनं सही करून घेतली, तरी ती तारखेला आली नाही. म्हणून तिच्या माघारी निकाल झाला होता. आता जमिनीचा ताबा का देऊ नये हे सांगायला तिनं बारा दिवसांनी हजर राहावं, असं त्या कागदात होतं.

“म्या कुटं सही केली?” भामाबाईनं विचारलं.

फरजानानं सांगितलं. सही खोटी आहे, ती शिवशंकरनं केली आहे, आणि टपाल पोचल्याची नोंद मी केली आहे. हे सांगताना म्हातारीच्या डोळ्यांकडं तिला बघवलं नाही. ती सुपातल्या तुरीकडं बघत बोलली.

भामाबाईनं हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, “म्या आलते तुज्याकडं. त्या दिशी तुला ठावं हुतं?”

“त्याच वेळी कळलं.”

“आन् मला म्हनलीस, बघते.”

“हो.”

“किती दिस झाले?”

“नऊ.”

भामाबाईनं सूप बाजूला ठेवलं. “मला डोळं हायती, पर अक्षर न्हाई. तुला दोनी हायती. तरी तू नऊ दिस बसलीस.” आवाज चढलेला नव्हता. “त्यो शिवशंकर माज्या सासरच्यांचा मिंदा. तू कुनाची गं मिंदी?”

फरजानापाशी उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. भाकरीची, म्हणून सांगायचं? हापशावरच्या त्या शांततेची? तिनं पॅड उघडला. भामाबाईनं पोचपावतीवर अंगठा उठवला, स्लिपवर उठवला, आणि शाई छपराच्या मेढीला पुसली. उन्हातान्हात दारी आलेल्या माणसाला कुणीही पाणी विचारतं. भामाबाईनं विचारलं नाही. फरजाना उठली आणि आली त्या वाटेनं परत निघाली.

घरी पोचली तेव्हा शिवशंकर पायरीवर बसला होता. आत संगीता भांडी घासत होती.

“दिलं?”

“दिलं.”

“सांगितलं बी?”

“सगळं.”

त्यानं मान हलवली. मग हलक्या आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं तो बोलू लागला. “चार वर्सं झाली. पावसाळा हुता, वढ्याला पूर. संगीताचं पोट दुखाया लागलं, ती गडबडा लोळाया लागली. गावात एक गाडी निघंना. विठ्ठलरावानं सोताची जीप पुराच्या पान्यात घातली आन् अंबाजोगाईला नेलं. डाक्टर म्हनला, आतडं फुटलंय, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं हुतं. त्यानंतर चार वर्सं त्या मानसानं माज्याकडं काय मागितलं न्हाई. मागितलं तवा काय मागितलं? एक कागूद. सांगा, म्या न्हाई कसं म्हनू?”

“मला माहीत नाही, भाऊ,” फरजाना म्हणाली. आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

“तुमी लिवनार?”

“लिहिणार.”

“लिवा,” शिवशंकर म्हणाला, आणि उठून गोठ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उपविभागाच्या निरीक्षक सत्यशीला मॅडमना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लेखी पाठव. स्लिपांसकट. आजच्याच पिशवीत.” फरजानानं दोन पानी अर्ज लिहिला. आपल्या नोंदींबद्दल आणि नऊ दिवसांबद्दलही लिहिलं. ते वगळलेलं एक पान आधी लिहून फाडलं होतं. स्लिपा जोडल्या, पाकीट बंद केलं, पिशवीत टाकलं, पिशवीला सील केलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ही पिशवी वरच्या पोस्टात नेणारा माणूस एकच आहे.

तो दारात उभाच होता. पिशवी उचलून त्यानं हातात जोखली.

“ह्यात हाय?”

खोटं बोलायचा क्षण होता तो. “आहे,” फरजाना म्हणाली.

शिवशंकरनं पिशवी गाडीला बांधली, दोरी दोनदा ओढून पाहिली, आणि गेला.

ती दुपार फरजानाला जन्मभर पुरेल. वाटेत घाट होता, दरी होती, एक पिशवी कुठं पडली म्हणून सांगायला हजार कारणं होती. फोटो तिच्याजवळ होते, पण खोट्या सहीच्या मूळ स्लिपा त्या पिशवीतच होत्या. गिऱ्हाईक कुणी आलं नाही. चार वाजता वरच्या पोस्टाचा निरोप मोबाइलवर आला: पिशवी मिळाली, सील शाबूत.

पाच वाजता शिवशंकर परतला. रिकामी पिशवी त्यानं टेबलावर नीट घडी करून ठेवली.

“बावीस वर्सांत पिशवीचं सील म्या तोडलं न्हाई, बाई,” तो म्हणाला. “पावसात सोता भिजलो, तिला भिजू दिली न्हाई. ती सही केली ते येगळं. ते म्या कदी पोस्टाचं काम समजलोच न्हाई. भाऊबंदकीतलं समजलो.” मग म्हणाला, “आता कळतंय, ते बी पोस्टाचंच हुतं.”

त्या संध्याकाळी ताटली आली नाही. संगीता आली. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला. शिव्या देईल असं फरजानाला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्या तुला काय कमी केलं?” एवढंच विचारलं तिनं. दोनदा विचारलं. उत्तराची वाट बघितली, आणि मधलं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. ती कडी सात महिन्यांत कधी लागली नव्हती.

चार दिवसांनी सत्यशीला मॅडम आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चष्मा नाकावर घसरलेली बाई. हातात स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. चौकशीला गेलेल्या गावात त्या कुणाचा चहा घेत नसत. त्यांनी भामाबाईच्या वस्तीवर जाऊन तिचा जबाब घेतला, विठ्ठलरावांकडं गेल्या. ते ‘तालुक्याला’ गेलेले होते. शिवशंकरनं काही झाकलं नाही. त्याच्याकडून त्यांनी एका कागदावर दहा वेळा ‘भामाबाई’ लिहून घेतलं. तो खाली मान घालून, शाळेतल्यासारखं ओळीत लिहीत गेला.

मग त्यांनी फरजानाला समोर बसवलं.

“नोंदी तुझ्या. सह्या न बघता केल्यास. कळल्यावर नऊ दिवस गप्प बसलीस. हे मला लिहावं लागेल.”

“लिहा, मॅडम.”

“तू पाठवलेल्या अर्जात ते आहेच म्हणा.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “भीती वाटली?”

“एकटं पडायची.”

“ती खरीच आहे,” त्या म्हणाल्या. “मी तुला नाही म्हणून सांगणार नाही. एकोणतीस वर्षं हेच काम करते. बदली झाली की निरोपाला चार माणसं जमत नाहीत. पण त्या म्हातारीकडं बघ. तिला दाराशी आलेल्या टपालाखेरीज सरकार कुठं भेटतं? तेच कुणी मधल्यामध्ये उचललं तर ती कुणाकडं जाणार?” आणि डबा न उघडताच त्या उठल्या. संध्याकाळची एसटी त्यांना गाठायची होती.

पुढचं सगळं हळूहळू झालं, सरकारी चालीनं. शिवशंकरला कामावरून दूर ठेवण्यात आलं. पोलिसांत तक्रार गेली. त्याच्यावर आणि विठ्ठलरावांवर गुन्हा नोंदला गेला. विठ्ठलरावांना जामीन मिळाला आणि ते पूर्वीसारखेच पांढऱ्या कपड्यांत पारावर बसू लागले. फरजानाला खात्याची लेखी ताकीद मिळाली. भामाबाईच्या मुलीनं आईला तालुक्याला नेलं, वकील गाठला. नोटीस पोचलीच नव्हती हे पोस्टाच्या कागदांनी सिद्ध झालं आणि माघारी झालेला निकाल कोर्टानं रद्द केला. दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. जमीन कुणाची ठरेल हे अजून कुणालाच ठाऊक नाही, पण भामाबाई आता प्रत्येक तारखेला हजर असते.

फरजानाला खोली सोडावी लागली. सोड असं कुणी म्हणालं नाही. मधल्या दाराची कडी मात्र पुन्हा निघाली नाही, आणि एका सकाळी तिनं आपणच सामान बांधलं. फाट्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक बंद पडलेलं पत्र्याचं दुकान होतं. त्याचा मालक पुण्याला राहत होता, त्याला गावाचं काही देणंघेणं नव्हतं. तिथं तिनं पोस्टाची पाटी लावली. मागच्या अर्ध्या भागात खाट टाकली. नवा डाकसेवक मिळेपर्यंत टपालाची पिशवी एसटीनं येऊ-जाऊ लागली, आणि ती फाट्यावर घेण्या-देण्याबरोबर वाटपही तिच्याकडंच आलं. रोज ती सात-आठ किलोमीटर चालू लागली.

अब्बा फोनवर म्हणाले, “आ जा बेटा. कायको अकेली रहती उधर? बदली का अर्ज डाल.”

तिनं अर्ज आणला, भरला. चार दिवस तो टेबलावर होता. मग तिनं तो खणात ठेवला. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. गावाला ती आवडू लागली होती अशातला भाग नव्हता. हापशावर अजूनही गोष्टी थांबत. पण एक फरक तिच्या ध्यानात आला होता. वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायका, ज्या आधी टपाल घरातल्या पुरुषाकडं दे म्हणून हातानं खुणावत, त्या आता ओट्यावरून उतरून स्वतः पुढं येत. “माज्या नावाचं हाय ना? मग माज्याच हातात दे,” म्हणत. अंगठा उठवत, कागद उलटसुलट बघत, आणि ‘वाच’ म्हणत. वाचून झालं की दार लोटून घेत. बस म्हणून कुणी म्हणत नसे.

भामाबाईच्या वस्तीवर ती महिन्यातून एकदा-दोनदा जाई. वकिलाचं पत्र असे, कधी कोर्टाची तारीख. भामाबाई अंगठा देई, मजकूर ऐकून घेई. जूनमध्ये एकदा तिनं न बोलता तांब्या पुढं सरकवला. फरजाना पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला. त्यापलीकडं दोघींत बोलणं झालं नाही, आणि होईल असंही फरजानाला वाटलं नाही.

राखी पौर्णिमेच्या आठवड्यात पोस्टात नेहमीपेक्षा जास्त वर्दळ असते. त्या बुधवारी दुपारी रांग ओसरल्यावर काउंटरवर सावली पडली म्हणून फरजानानं वर पाहिलं. संगीता होती. पाच महिन्यांत ती वाळली होती. शिवशंकर साखर कारखान्याच्या गोदामावर राखणीला जातो, हे फरजानाच्या कानावर आलं होतं.

संगीतानं पाकीट पुढं केलं. भावाचं नाव, लातूरचा पत्ता. अक्षर शिवशंकरचं होतं.

“साधं पाठवायचं की रजिस्टर?” फरजानानं विचारलं.

“रजिस्टर. पोचलं पायजे.”

“पोचेल.”

फरजानानं वजन केलं, शिक्का मारला, पावती दिली. ‘वहिनी, तब्येत कशी आहे’ एवढे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. संगीता पावतीवरचा नंबर एकेक आकडा बोटानं दाबत वाचत होती, बरोबर आहे की नाही बघत होती. वाचून झाल्यावर तिनं पावतीची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि वर न बघता पायरी उतरली.

रस्त्यावर ऊन होतं. संगीता फाटा ओलांडून गावाच्या वाटेला लागेपर्यंत फरजाना बघत राहिली. मग तिनं त्या दिवसाचं सगळं टपाल पिशवीत भरलं, सील केलं, दुकानाला कुलूप लावलं आणि पिशवी खांद्याला लावून एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहिली.